खेमराजचा बिफोर आणि आफ्टर

"छाती जड होऊन राहिली, साहेब," खेमराज टेबलावर झोपल्या झोपल्या म्हणाला. "पण वजन त उतरलं न?"

मी गोंदियात किडनीचा डॉक्टर आहे. खेमराजचा कोहमाऱ्याला ढाबा. त्याची किडनी निम्म्याहून जास्त गेलेली. दिवाळीनंतर यायचा तेव्हा फुगलेला, उन्हाळ्यात पाहावं तर गालफडं बसलेली. दरवर्षी हेच. विचारलं की म्हणायचा, "धंद्याची धावपळ."

ईसीजी बिघडलेला होता. सीटी स्कॅनमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत कॅल्शियम दिसलं. किडनी बिघडली की शरीरातल्या क्षारांचं गणित बिघडतं आणि नळाच्या पाइपात क्षार बसतो तसा तो धमन्यांच्या भिंतीत बसतो. त्यात वजन सारखं वरखाली होणाऱ्या पेशंटांना हृदयाचा धोका जास्त दिसतो. उतरताना चरबीबरोबर स्नायूही झडतात.

"आता खरं बोल," मी म्हणालो. त्याच्याऐवजी त्याची बायको देवका बोलली.

"ते वजन उतरवाच्या क्लबातल्या कोचचे मॉडल हायेत, साहेब. पावडर पिऊन बारीक झाले, चौकात फोटो लागला. दुसऱ्या साली कोच म्हणे, नवा फोटो पायजे. त्याच्यासाठी पयले मोटं व्हा लागते."

"म्हणजे मुद्दाम वजन वाढवलं?"

"हव. तूप-भात खाऊन. मंग पुन्हा पावडर."

माझं डोकं फिरलं. बिफोरचा फोटो हवा म्हणून किडनीच्या पेशंटला फुगवायचं, आणि आफ्टरसाठी प्रोटीन पावडरवर वाळवायचं! नागपूरला पाठवायची ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी कोचला फोन लावला.

"डॉक्टर साहब, वो अपनी मर्जी से आते हैं," तो म्हणाला. "और रिझल्ट तो देखिए!"

"रिझल्ट स्ट्रेचरवर आहे. हार्ट अटॅक आलाय."

"हमारा प्रॉडक्ट नॅचरल है, सर." आणि फोन कट.

नागपूरला स्टेंट बसला. धमनी इतकी कडक झाली होती की तिथल्या डॉक्टरांना घाम फुटला. खेमराज वाचला, पण घरी आला तो हाडांचा सापळा होऊन. कोच भेटायला गेला. किडनीच्या पेशंटला पोटॅशियममुळे वर्ज्य असलेली केळी घेऊन! विचारपूस केली, शेजारी बसून फोटो काढला.

आठवडाभरात चौकात नवा फ्लेक्स लागला. त्यावर हॉस्पिटलातून आलेला खेमराज, खाली ठळक अक्षरांत 'आफ्टर'.

देवकानं स्टूल लावून विळ्यानं तो फ्लेक्स कापून उतरवला. कोच ओरडत आला, "बाई, क्यों फाड रही हो?"

"माह्या नवऱ्याले मरणाच्या दारातून आणला, त्याचा फोटो होय हा," ती म्हणाली. "तुह्या पावडरचा नाही."

मी लेखी तक्रार केली. चौकशी सुरू आहे असं कळतं. कोचचा क्लबही सुरू आहे.

तेव्हा सांगून ठेवतो. किडनीच्या पेशंटचं वजन झपाट्यानं उतरलं तर त्याचं अभिनंदन करू नका. नेमकं काय उतरलं ते आधी डॉक्टरला विचारा.