मामाला टावेल दे

रात्रभर झोपले न्हाई. माझा दादा कालपासून फोन उचलत न्हाई.

काल लेकीला घेऊन मस्कतवरनं श्रीरामपूरला आले. दादा घ्यायला येनार हुता, आलाच न्हाई. शेजारच्या काकू भाकरतुकडा घेऊन दारात आल्या. "थांब गं, लेकराला तसंच आत नेऊ नको." मी म्हनले, "दादाला येऊ द्या, मग सगळ्यांवरनं ओवाळा." आन आत गेले.

आज सकाळी लेक उंबऱ्याकडं बघून म्हनती, "आई, मामाला टावेल दे. त्यो लई भिजलाय."

बाहेर कडक ऊन. दारात कुनीच न्हाई.

काकूंनी लगेच ओवाळून टाकलं, तरी पोरगी तिकडंच बघती.

ग्रुपवर कुनाकडं दादाचा नंबर असंल तर आत्ता फोन लावा. नुसतं हॅलो म्हनला तरी मला कळवा.