वहिनींची आकडी

आमच्या वहिनींनी जन्मात कधी फूल विकत घेतलं नाही. आचोळ्याच्या आमच्या कॉलनीत नीट उजाडायच्या आत त्या खाली उतरत. एका हातात बांबूची लांब आकडी, दुसऱ्या हातात पिशवी, पदर कमरेला खोचलेला. तगर, जास्वंद, कण्हेर, जे कुंपणाबाहेर डोकावेल ते त्यांचं. आणि जे डोकावत नसे त्याला आकडीने बाहेर बोलावलं जाई. माझे यजमान त्यांचे सख्खे धाकटे दीर, पण तेही तोंडावर त्यांना 'फुलचोर' म्हणत. "देवाला चोरीचं चालतं, शिळं चालत नाही," हे वहिनींचं ठरलेलं उत्तर.

माझी ही थोरली जाऊ. ह्यांचं ऐकून मीही वहिनीच म्हणायला लागले. तळमजल्यावरच्या जोशीकाकांनी एकदा वैतागून आपल्या जास्वंदीला पाटी लावली, 'फुले तोडू नयेत'. वहिनींनी त्याच झाडाची फुलं घेतली आणि जाता जाता काकांना खिडकीतून समजावलं, "अहो, फूल ठेवलं तर झाडाला ओझं होतं." गोखिवऱ्याला आम्ही एकदा कुणाच्या मयताच्या घरी भेटायला गेलो होतो. वहिनी मनापासून रडल्या, घरच्या बाईला पोटाशी धरलं, आणि निघताना त्यांच्या पिशवीत परसातल्या अनंताची पाच-सात फुलं होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षात बसल्यावर मी काही बोलणार, तोच म्हणाल्या, "उद्या त्या माणसाच्या नावानं वाहीन ना."

भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, अचानक गेले तेव्हा त्यांचा एकुलता एक नंदू इंजिनियरिंगला होता. शिकला, नोकरीला लागला आणि कंपनीने त्याला स्वित्झर्लंडला पाठवलं. दोन वर्षांसाठी म्हणून गेला. दोनाची चार झाली, चाराची सहा झाली. वहिनींनी दरम्यान आपल्या घराला लागूनचा फ्लॅट त्याच्यासाठी घेऊन ठेवला होता. रिकाम्या फ्लॅटची लादी त्या दर शनिवारी पुसत. पडदे लावले, गॅसची शेगडी आणून ठेवली. मधली भिंत पाडून दार करायचं हेही ठरलेलं होतं. लग्न लांबलं होतं, पण त्याला त्यांचं उत्तर होतं, "आधी येऊ दे, मग बघू."

आणि मग नंदूनं आम्हा तिघांना तिकडे बोलावलं. कॉलनीत बातमी फुटली. युरोप म्हणजे आयफेल टॉवर, असा सगळ्यांचा समज, माझाही. मी नवा स्वेटर घेतला. बॅगा भरताना वहिनींनी शेजारच्या फ्लॅटची किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली. "ही कशाला?" मी विचारलं. "तुम्ही दोघं फिरायला चाललाय," त्या म्हणाल्या. "मी त्याला आणायला चाललेय. तिथं गेल्यावर हातात किल्ली ठेवणार आणि म्हणणार, बस झालं, चल आता."

तिकडे गेल्यावर कळलं की नंदूला टॉवरबिवरमध्ये रस नाही. त्याला रानाचं वेड लागलं होतं. पहिल्या रविवारी त्याने आम्हाला एका तळ्याकाठच्या राखीव जागेत नेलं. लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच गवत आणि पुढे एक खोपटं. त्यात बसून लोक दुर्बिणीतून पक्षी बघत होते, श्वाससुद्धा जपून घेत होते. वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगो बाई, बदकं!" सगळे दुर्बिणी सोडून आमच्याकडे बघायला लागले. नंदू हसत होता. ह्यांनी हळूच माझ्या कानात सांगितलं, "एवढे पक्षी आपल्या मिठागरात फुकट दिसतात." पण वहिनींचं लक्ष बदकांकडे नव्हतंच. त्या पोराकडे बघत होत्या. रोज रात्री जेवताना मला वाटे, आता किल्ली काढतील. काढत नसत. मला म्हणायच्या, "उद्या. आज दमलाय तो."

मग त्याने आम्हाला डोंगरातल्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. जून महिना होता. वर शिखरांवर बर्फ आणि खाली गवतात इतकी फुलं की पाय कुठे ठेवावा कळेना. तिथे एक पडलेलं झाड आडवं होतं, वर्षानुवर्षं तसंच. नंदू सांगत होता, इथे पडलेलं लाकूडसुद्धा कुणी हलवत नाही. वाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही, काही न्यायचं नाही. सुट्टीच्या दिवशी तो स्वतः तिथे लोकांना वाटा दाखवायला जायचा, हे आम्हाला तिथेच कळलं.

आता वहिनींच्या पुढ्यात एवढी फुलं! मी त्यांचा दंड धरूनच चालत होते. तरी एका वळणावर बुटाची लेस बांधायला मी वाकले, तेवढ्यात त्यांनी एक निळं फूल खुडून पर्समध्ये टाकलं. रात्री देवापुढे ठेवायला. नंदूनं बघितलं. त्याच वेळी समोरून तिथला रखवालदार येत होता. पांढऱ्या दाढीचा, उंच गृहस्थ. त्याने लांबूनच "नान्डू!" अशी हाक मारली आणि येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला. दोघे त्यांच्या भाषेत बोलू लागले. नंदू खळखळून हसत होता. भाऊजी गेल्यानंतर मी त्याला तसा हसताना पाहिला नव्हता. मग त्याचा चेहरा उतरला आणि त्याने पर्सकडे बोट दाखवून स्वतःच सांगून टाकलं की माझ्या आईनं फूल तोडलंय.

म्हातारा रागावला नाही. वहिनींकडे बघून सौम्यपणे काहीतरी बोलला. नंदू खाली बघत म्हणाला, "आई, ते म्हणतायत, तुम्हाला माहीत नव्हतं. पण इथे रुजलेलं इथेच राहू द्यायचं असतं."

वहिनींनी पर्स उघडली. फूल काढताना आतल्या कप्प्यातली किल्लीही हाताला आली असावी, कारण त्या क्षणभर तशाच थांबल्या. मग फूल काढून त्याच रोपाच्या मुळाशी ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि पर्सची चेन लावली. परतीच्या वाटेवर मला एवढंच म्हणाल्या, "त्याला इथे नावानं ओळखतात गं. आपल्या कॉलनीत किती जणांना तो माहीत आहे?" त्या रात्री मी त्यांच्या "उद्या"ची वाट पाहिली. किल्ली बाहेर आली नाही. विमानतळावरही नाही. पोराच्या तोंडावरून हात फिरवला, "जेवत जा वेळेवर," म्हणाल्या आणि आत निघाल्या. विमानात मात्र त्यांचं रडणं थांबेना. मी त्यांचा हात धरून बसले होते आणि मलाही रडू आवरत नव्हतं.

परत आल्यावर कॉलनी चॉकलेटं मागायला हजर. अर्नाळ्याची कोळीण पाटी घेऊन दारात आली, तिनेही विचारलं, "काय आनलंस गो बाय तिकडून? पोराला नाय आनलंस?"

"तिथलं काही आणायचं नसतं," वहिनी म्हणाल्या. "तसा नियमच आहे." आणि बोंबील घेतले, भाव न करता.

पुढच्याच महिन्यात शेजारचा फ्लॅट एका नव्या जोडप्याला भाड्याने दिला. आणि वहिनींनी फुलं तोडणं सोडलं. आकडी दारामागे गेली. देवाला तुळशीचं पान आणि अक्षता. जोशीकाका एक दिवस मला जिन्यात गाठून म्हणाले, "वहिनींना बरं नाही का? फुलं झाडावरच सुकतायत." पाटी त्यांनी स्वतःच काढून टाकली होती. वहिनींनी तेही बघितलं, पण झाडाला हात लावला नाही.

त्या गेल्या अगदी सहज, सकाळच्या चहानंतर. नंदूला वेळेत पोचता आलं नाही, अग्नी ह्यांनी दिला. घाईगडबडीत कुणीतरी स्टेशनजवळून हार आणले. जन्मात फूल विकत न घेतलेल्या बाईच्या अंगावर विकतचे झेंडू होते, तेही आदल्या दिवशीचे. मी ते काढा म्हणून ओरडले, तर सगळ्यांना वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलंय.

तेराव्याला सकाळी फोटोपुढे ठेवायला फुलं हवी होती. नंदू म्हणाला, मी आणतो, आणि दारामागची आकडी घेऊन खाली गेला. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून मी उतरले. जोशीकाकांची जास्वंद फुलांनी लगडलेली आणि तो तिच्यापुढे रिकामी पिशवी घेऊन उभा.

"काकू," तो म्हणाला, "तिनं मला एकदाही परत ये म्हटलं नाही. मला वाटलं, तिला माझी तेवढी गरज नाही. एकदा म्हणाली असती ना, तर मी आलो असतो."

मला सगळं माहीत होतं. किल्लीही माहीत होती. पण आता त्याला ते सांगून त्याचं काय भलं होणार होतं? त्याने आकडी वर नेली, फांदीला लावली आणि तिथेच थांबला. तिकडची सवय. हात पुढे जाईना.

"तोड रे," मी म्हटलं. "फूल ठेवलं तर झाडाला ओझं होतं."