अर्धा आटा जास्त

कारखान्यात त्यांना सगळे भिंगरीकाका म्हणायचे. मैदानांसाठी घसरगुंड्या, झोपाळे, डोलणारे घोडे असं बरंच काही तिथे बनायचं, पण काकांचा जीव एकाच गोष्टीत. मधोमध लोखंडी खांब, त्याच्या टोकापासून खाली रुंदावत आलेलं दोरांचं जाळं, आणि पोरं वर चढली की ते अख्खं जाळंच खांबाभोवती गरगरा फिरायचं. कागदोपत्री त्याला चांगलं लांबलचक नाव होतं. ते फक्त मालकीणबाईंना पाठ. बाकीच्यांसाठी ती भिंगरी.

जाळं विणण्यात काकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गाठ बसली की तिच्यावरून ते गाल फिरवून बघत. तळहात राकट झालेत, त्यांना आता खरखर कळत नाही, आणि पोरांची कातडी मऊ असते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दाढी केल्याशिवाय कामावर येत नसत. "काय काका, आज कुठल्या दोरीचा मुका घेतला?" वेल्डर रोज विचारायचा, आणि काकाही रोज नव्यानं हसायचे. माणूस तसा लोण्याचा.

एकाच बाबतीत मात्र ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत. भिंगरीच्या डोक्यावर, टोपणाखाली, वेग आवरणारा एक नट असतो. तो आवळायचा मान काकांचा. पान्यानं नट खुणेपर्यंत आणायचा असतो. तिथे थांबलं की मुलांना झेपेल, आवडेल अशी गती मिळते. काका खुणेपर्यंत यायचे आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणखी अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आवळायचे. जुनी माणसं मूग गिळून गप्प बसत.

कारण त्यांना ठाऊक होतं. काकांची लेक लहान असताना कारखान्याच्या मागच्या अंगणात पहिल्यावहिल्या भिंगरीवरून पडली होती. कोपर मोडलं. हाड जुळलं, पण तो हात पुरता सरळ काही झाला नाही. काका त्या वेळी काम संपवून, खाली बघत नुकतेच दारातून बाहेर येत होते. पडतानाचा आवाज त्यांनी ऐकला, आणि तो कानातून कधी गेलाच नाही.

त्या अर्ध्या आट्यापायी भिंगऱ्या रांगू लागल्या. पोरं ढकलून ढकलून दमायची आणि घसरगुंडीकडे पळायची. एका मैदानातल्या बायकांनी तर तिच्यावर चक्क चादरी वाळत घातल्या.

मालकीणबाईंनी पुष्कळ वर्षं सांभाळून घेतलं. शेवटी एक दिवस त्या काकांच्या बाकड्यापाशी येऊन बसल्या.

"काका, भिंगरी आता कोणी मागत नाही हो. ही एक द्यायची आहे, तुमच्या लेकीच्या घरासमोरच्या मैदानात. हिच्यावर मुलं रमली तर बरं, नाहीतर बंद करावी लागेल. नट खुणेवर ठेवा, एवढंच मागते."

काका मान डोलावत राहिले. जाळ्याशिवाय आपण काय करणार, हे त्यांना खरंच सुचत नव्हतं.

बसवायच्या दिवशी लेक आली, सोबत नात. हिला घरात मुंगी म्हणत, कारण भिंत असो की कपाट, ही वरच. काका शिडीवर चढले, पाना लावला, नट खुणेवर आणला. खाली मुंगी उड्या मारत होती. काकांचा हात आपोआप पुढे सरकला. अर्धा आटा.

मुंगी सरसर वर चढली. आईनं ढकललं. भिंगरी कशीबशी एक फेरी फिरली आणि थांबली.

"आजोबा, हिला झोप आलीय," मुंगी म्हणाली, आणि उतरून झोपाळ्याकडे चालती झाली.

लेक शिडीपाशी आली. "बाबा, अजून माझ्या हातासाठीच आवळता ना?"

काका पाना पुसत राहिले.

"एक सांगू? मी वेगामुळे पडले नव्हते."

"मग?"

"तुम्ही दारात दिसलात. मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात सोडून तुम्हाला हात केला."

काका खाली उतरून शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसले. "एवढी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर तुम्ही स्वतःलाच बोल लावला असता. मला वाटलं, नटावर राग काढताय तर काढू दे. पण आता तो नट माझ्या पोरीच्या आड येतोय, बाबा." तिनं तो वाकडा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "आणि पडायच्या आधी जी मजा आली होती ना, ती मी अजून विसरले नाहीये."

काकांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग उठून पुन्हा वर गेले, पाना लावला आणि नट खुणेवर आणून सोडला. या वेळी हात पुढे सरकला नाही; त्यांनी टोपण बसवलं.

मुंगीला हाक मारावी लागली नाही. भिंगरी नुसती हलल्याबरोबर ती धावत आली, आणि तिच्यामागून मैदानातली आणखी पोरं. जाळं भरलं, फिरू लागलं, वेग धरला. पोरं किंचाळत होती, हसत होती. भिंगरी बसवायला काकांसोबत आलेल्या वेल्डरनं शिट्टी मारली.

"आजोबाऽऽ!" समोरून जाताना मुंगी ओरडली, आणि पुढच्या फेरीत पुन्हा, आणि पुन्हा.

काकांना तिला हात करायचा होता. फार करायचा होता. ते दोन्ही हात पाठीमागे घेऊन, एकानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून उभे राहिले आणि प्रत्येक फेरीला तिच्याकडे बघून नुसते तोंडभर हसत राहिले.