जितका जवळ, तितका हळू

बुकित तिमाहच्या त्याच्या आलिशान कॉन्डोत माझ्या अमेरिकन बॉसने शिकारीत टर्की पक्ष्याला भुलवून बोलवायची साधनं टेबलावर मांडली. लाकडी डबी घासली की मादीची हाक निघते. ती लांबवर जाते, म्हणून सुरुवातीला ती. नर टप्प्यात येऊ लागला की पाटीचा तुकडा काडीने घासायचा, त्याचा आवाज मऊ असतो. "जितका जवळ, तितका हळू," तो म्हणाला. मग बंदुकीचे छर्रे थेट मानेत. पंख बराच वेळ आपटत राहतात, तेव्हा मान बुटाखाली दाबून धरायची.

त्याने डबी माझ्या हातात दिली. मी ती घासली नाही.

लहानपणी यिशुनच्या फ्लॅटमध्ये माझे वडील ओरडले की मी पलंगाखाली दडायचो. मग ते आवाज उतरवायचे. "ये रे बाळा, काही करत नाही." बाहेर आलो की पट्टा बसायचा. बकलाचा वण अजून खांद्यावर आहे.

त्या संध्याकाळी घरी आलो, तर मुलीने माझा लॅपटॉप पाडून फोडला होता आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं. माझं डोकं भणभणत होतं. दाराला तोंड लावून मी अगदी हळू म्हणालो, "ये गं बाळा, काही करत नाही."

आतून कडी निघाली. माझी मूठ आवळलेलीच होती.