किल्लीच्या पाठीवर पत्रक

चीड माझ्यावरच आहे, हे आधी लिहून टाकतो. नाहीतर कंपनीला शिव्या घालण्यात पान संपेल आणि मी सुटेन.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका सूतगिरणीतल्या नऊ बायकांचे जबाब माझ्या लॅपटॉपमध्ये होते. कापसाच्या धुळीनं छाती भरलेली, दम लागला तरी कामावर जाणाऱ्या, अशा नऊ जणी. कित्येक रविवार त्यांच्या खोल्यांवर बसून मी ते टिपले. नाव फुटलं तर काम जाईल, हे प्रत्येकीनं बजावलेलं. म्हणून अख्ख्या लॅपटॉपला एन्क्रिप्शनचं कुलूप घातलं. कॉपी कुठेच नाही. पेन ड्राइव्ह हरवतो, क्लाउड दुसऱ्याच्या मालकीचा, अशी भाषणं आमच्या कामगार संघटनेत मीच ठोकायचो.

कुलूप लावताना मशीननं अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली दिली. कधी अडलं तर हीच चालेल, दुसरी नाही. मी ती छापली, टेबलावर ठेवली आणि विसरलो.

आमच्या ऑफिसात एक खोकं आहे. एका बाजूनं छापलेले कागद त्यात जातात आणि पत्रकांचे मसुदे त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे. कोऱ्या कागदावर मसुदा लिहिणं आमच्यात पाप. मला पत्रक लिहायला शिकवणाऱ्या दादानं पहिल्याच दिवशी हे शिकवलं आणि मला त्याचा केवढा अभिमान!

कामगार आयुक्तालयातल्या सुनावणीच्या आठवड्यात लॅपटॉप बंद पडला. धरमपेठेतल्या दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड बदलला. चालू केला, तर निळ्या स्क्रीनवर एकच मागणी: रिकव्हरी की टाका. म्हणजे तीच अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली.

"की लिहून ठेवली असन ना भाऊ?"

"डिस्क तर तीच आहे. काढा ना काहीतरी."

"डिस्क हाय, पण कीशिवाय आतलं सारं कचरा. फॉरमॅट मारून देऊ काय? नव्यासारखा चालन."

त्या 'नव्यासारखा'वर मी असा ओरडलो की बाजूचं गिऱ्हाईक आपला मोबाइल उचलून चालतं झालं. त्या माणसाचा काय दोष होता? काहीच नाही.

ऑफिसात येऊन खोकं उपडं केलं. दादा पाहत होता.

"काय शोधून राहिला बे?"

"आकडे छापलेला कागद."

"तो? त्याच्या मागं तू मास्कचं पत्रक लिहिलं होतं. छापायले तूच देऊन आला."

प्रेसवाल्याकडे धावलो. तो हसला. "छपाई झाली का मसुदा रद्दीत. तुमचे कागद काय फ्रेम करून लावू?"

कंपनी मास्क देत नाही, हे ठणकावून सांगणारं माझं पत्रक. चांगलं झालं होतं ते. गेटवर वाटलंही. आणि त्याच्याच पाठीवर नऊ जणींचा आवाज मी रद्दीत घातला. कंपनीला काही करावंच लागलं नाही.

पुन्हा खोल्यांवर गेलो. दोघी गावी निघून गेलेल्या. बाकीच्यांनी दारातूनच परत पाठवलं. एकीनं फक्त विचारलं, "काहून गा, तुह्या मशीनले आमच्यापेक्षा जास्त भेव वाटते काय?" एकदा जीव मुठीत धरून सांगितलेलं माणसानं दुसऱ्यांदा का सांगावं? माझ्या बावळटपणासाठी?

शेवटची खोली नऊ जणींतल्या मावशीची. गिरणीत सगळ्यांत जास्त वर्षं तिची, खोकला तिचा, आणि मधल्या काळात कामावरून काढलेलीही तीच.

"मावशी, सगळं गेलं. किल्लीच्या कागदामागं पत्रक लिहून तो मीच रद्दीत घातला. चूक माझी आहे."

ती बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "बाकीच्यायचं नाव घ्याचं नाई. माह्यं लिही. नावासकट लिही."

"मावशी, कंपनीवाले..."

"काम तं गेलंच. आता काय माह्या खोकल्याले काढतीन? लिही म्हनलं ना."

नऊ जणींच्या जागी एकटी. सुनावणीत कंपनीचा वकील म्हणणारच, ही एका चिडलेल्या बाईची तक्रार आहे. म्हणू दे. ती चिडलेलीच आहे. मीही.

पिशवीतून कागद काढला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"कोरा हाय," ती म्हणाली. "आता लिही."