रिकाम्या हंड्याची फिल्म

टेलिव्हिजनवाल्यांच्या कळवळ्याचा मला तिटकारा आहे, आणि तो उगाच नाही. ते आमच्या गावात येऊन गेलेत.

तिकोण्याच्या पायथ्याला आमचं गाव. पवनेचं धरण झालं आणि आमची विहीर त्याच्या पोटात गेली. डोळ्यांसमोर एवढं पाणी, पण उन्हाळ्यात ते मागं सरकायचं आणि मध्ये मांडीभर चिखल. मग बाया किल्ल्याच्या अंगाला झऱ्यावर जायच्या. वाटीवाटीनं हंडा भरायचा. आईला एकच ध्यास होता, देवळामागं नवी विहीर व्हावी. पण तिला विचारतंय कोण? अशात सांगावा आला, की टेलिव्हिजनसाठी फिल्म करणारी माणसं पाण्याचे हाल टिपायला मुंबईहून येणार. आई म्हणाली, "आता कोनतरी ऐकंल."

आमच्याकडं पाहुण्यासमोर रिकामं भांडं येऊ देत नाहीत. अपशकुन. त्यामुळं बाया पहाटेपासून झऱ्यावर, आणि जीप आली तेव्हा दारोदारी काठोकाठ भरलेले हंडे, चिंचेनं लख्ख घासलेले. तहान बघायला आलेल्यांना आम्ही पाणी दाखवलं. आमच्यासारखे येडे आम्हीच.

साहेबानं गॉगल कपाळावर चढवला. "अरे, इथं तर पाणी आहे," असं कॅमेरावाल्याला म्हणाला, जसं काही आम्ही त्याला फसवलं होतं. गाशा गुंडाळायची भाषा सुरू झाली. मग त्याचं त्यालाच सुचलं. आधी आमच्याच पाण्यानं पाय धुतले, तांब्याभर पाणी प्याला, चहा ढोसला आणि आईला म्हणाला, "मावशी, हा हंडा जरा ओतून टाका."

आई माझ्याकडं बघत राहिली. "वतू? कुटं?"

"कुठंही. रिकामा पाहिजे."

तिनं ओतला. विहिरीसाठी तिनं काहीही केलं असतं. मग कॅमेऱ्यात एकटा हंडा उठून दिसेना, म्हणून शेजारणीचाही ओतायला लावला. अंगणात चिखल झाला, तो चित्रात येतो म्हणून त्यावर कोरडी माती टाकायची, तीही आम्हीच. मेल्यांनो, लाजेची काही चाड? एवढं झाल्यावर आई रिकामा हंडा कडेवर घेऊन बोलली. जीव तोडून बोलली. झरा किती लांब, बाया कशा घसरतात, देवळामागं खणलं तर पाणी लागेल असं जुनी माणसं सांगतात, सगळं.

ती फिल्म आम्ही लोणावळ्यात बघितली, आई ज्यांना करवंदं घालायची त्या चाचांच्या चिक्कीच्या दुकानातल्या टीव्हीवर. आई पडद्यावर आली. ओठ तिचे हलत होते, आवाज मात्र कुणा पुरुषाचा, तुपात घोळलेला. "या मुक्या माणसांकडे आपलं दुःख सांगायला शब्दही नाहीत," तो सांगत होता. मागून सनई.

दुकानातली गिऱ्हाइकं चुकचुकली. एका बाईनं चिक्की चघळत डोळे पुसले. आईनं चाचांना एवढंच विचारलं, "मी हिरीचं बोलले, ते कुटं हाय?" फिल्म अजून संपायची होती, पण आई उठली.

"चल गं. एस्टी गेली तर उद्याचं पानी कोन आनंल?"