महादेवी काकूंचं कोरडं रान नकाशात ओलं दिसलं

"माझं रान ओलं हाय म्हणून कुणी सांगितलं?" अणदूरच्या महादेवी काकूंनी मला बांधावरच अडवलं.

सांगितलं होतं आम्हीच, आमच्या नकाशानं. मी नळदुर्गच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. उपग्रहाच्या रडारवरून जमिनीतली ओल ओळखणारं सॉफ्टवेअर तयार करायला मला आणि कॉम्प्युटरच्या पाटील सरांना सरकारी अनुदान मिळालं होतं. मुख्य अट होती, काम ओपन सोर्स हवं. म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड आणि आमची सगळी मोजमापं इंटरनेटवर उघडी ठेवायची. कुणीही बघावं, वापरावं, चुका काढाव्यात. आमच्यासारख्या आडबाजूच्या कॉलेजवर कुणी एवढा भरवसा टाकला, याचंच मला अप्रूप होतं.

पहिला नकाशा गावच्या पाणी समितीनं मागून नेला. शेततळी आधी कुणाला द्यायची, त्याची यादी करायची होती. कोरडी रानं वर, ओली खाली. काकूंचं नाव पार तळाला गेलं.

काकूंनी खुरप्यानं माती उकरली. वीतभर खाली गेल्या तरी नुसता फुफाटा.

"अय्यो, ह्याला ओल म्हंतेत व्हय? तुमचा उपग्रह लई लांबनं बघतोय मॅडम. म्या रोज इथं वाकून बघती."

मी डब्यात माती भरून घेतली. याला आमच्यात ग्राउंड ट्रुथ म्हणतात. आकाशातून दिसलेलं जमिनीवर जाऊन तपासायचं. माती तोलायची, ओव्हनमध्ये वाळवायची, परत तोलायची. वजन जेवढं घटलं तेवढं पाणी. काकूंच्या मातीचं वजन जवळजवळ घटलंच नाही.

चार दिवसांनी अनुदानाची तपासणी समिती येणार होती. पुढच्या वर्षीचं काम त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं.

"बाकीची शेतं जुळतात ना?" त्यांनी विचारलं.

"जुळतात सर."

"मग एक शेत वगळा की."

प्राचार्य वाईट माणूस नव्हेत. कॉलेजला असं काम पहिल्यांदाच मिळालं होतं, ते हातचं जाईल ही त्यांची धास्ती. खरं सांगायचं तर केबिनमधून बाहेर पडताना मलाही ते पटलं होतं. पण ते शेत वगळलं, तर काकूंचं नाव तळालाच राहणार होतं. आणि काकूंना परत तोंड मलाच दाखवायचं होतं.

पाटील सरांनी दोन दिवस कोड चाळला. काही सापडेना. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, आपण हे उघड्यावर लिहून टाकू. कुणाला तरी दिसेल."

"तपासणी समितीलाही दिसेल."

"दिसू द्या."

प्रोजेक्टच्या सार्वजनिक पानावर मी लिहिलं: एक कोरडं शेत ओलं दाखवलं जातंय, कारण कळत नाही, मदत हवी. सोबत काकूंच्या मातीची वजनं जोडली. लिहिताना लाज वाटली, नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. कोईमतूरच्या एक बाई होत्या. ओळख ना पाळख. त्यांनी कोडमधली नेमकी एक ओळ दाखवली. उपग्रहाचं चित्र छोट्या चौकोनांचं बनलेलं असतं. आम्ही चौकोनाचा कोपरा हाच त्याचा मध्य धरला होता. त्यामुळं सगळा नकाशा अर्धा चौकोन सरकला होता. मोठ्या रानांना त्यानं फरक पडत नव्हता. काकूंचं रान म्हणजे अरुंद पट्टी, आणि शेजारी भरपूर पाणी पाजलेला ऊस. आम्ही उसाची ओल काकूंच्या नावावर टाकत होतो.

पाटील सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग हसायला लागले. ती ओळ त्यांनीच लिहिली होती, आणि तपासली होती मी.

समिती आली. पहिल्याच स्लाइडवर मी चूक मांडली. प्राचार्य खाली बघत बसले होते. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे आम्हाला सांगायची गरज होती का?"

"मॅडम, पानावर आधीच लिहिलंय. तुम्ही वाचलंच असतं."

"वाचलंय," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मी स्वतः आलेय. बाकीच्या ठिकाणी सगळं बरोबर असल्याचं ऐकून कंटाळलेय."

काम पुढं चालू राहिलं. नकाशा दुरुस्त झाला, यादी बदलली, काकूंचं नाव वर गेलं. दुसऱ्या एकांचं खाली गेलं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांची समजूत कशी घालावी हे मला सुचलेलं नाही.

सॉफ्टवेअरच्या पानावर मदत करणाऱ्यांची नावं लावतात. कोईमतूरच्या बाईंचं लावलं. मग काकूंना विचारलं, "तुमचं लावू का?"

"लावा की. पण निस्तं महादेवी नगं, गावासकट लावा. अशा नावाच्या लई जणी असतेत."

लावलं. त्या यादीत एक अक्षरही कोड न लिहिलेल्या त्या एकट्याच.

कोड उघडा ठेवायच्या अटीवर मी सही केली, तेव्हा मला वाटलं होतं की आपण लोकांना काहीतरी देतोय. प्रत्यक्षात जास्त मिळालं ते आम्हालाच. आता नकाशा कितीही चांगला दिसला, तरी मी तो गावात द्यायच्या आधी त्यातल्या शेतांत जाऊन येते.